खिडकीखालून वर येणारा टीव्ही

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या फ्लॅटमधली बैठकीची खोली लांबट आहे. दोन भिंतींत दारे आहेत, तिसरीला पुस्तकांची कपाटे लागलेली आहेत आणि टीव्हीसाठी उरते ती एकच बाजू, नैर्ऋत्येकडच्या मोठ्या खिडकीची. पाऊस सरल्यावर हवा स्वच्छ झाली की त्या खिडकीतून सिंहगड आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा स्पष्ट दिसतो. त्या खिडकीपुढे टीव्हीचा काळा पडदा कायमचा उभा करणे मला पटत नव्हते, आणि टीव्ही आतल्या खोलीत हलवणे आईला पटत नव्हते. तिची बाजू रास्तच होती, कारण संध्याकाळच्या बातम्या आणि क्रिकेटचे सामने ती सगळ्यांच्या सोबतीने पाहते, एकटीने नव्हे. तेव्हा खिडकीच्या कट्ट्याच्या उंचीपेक्षा थोडे बुटके कपाट करायचे, टीव्ही त्यात ठेवायचा आणि पाहायचा असेल तेव्हाच तो मोटरने वर आणायचा, असे ठरले.

टीव्ही झाकून ठेवण्याची इच्छा तशी जुनीच आहे. कृष्णधवल संचांच्या काळात कित्येक टीव्ही लाकडी पेटीत, सरकत्या शटरसह येत आणि कार्यक्रम संपला की घरातले मोठे माणूस ते शटर ओढून कुलूप लावत असे. पडदा चपटा झाला, भिंतीवर चढला आणि ती सोय गेली. आता तयार टीव्ही लिफ्ट बाजारात मिळतात, पण त्यांची मापे त्यांच्या ठरलेल्या कपाटासाठी असतात. आमचा कट्टा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर आहे, म्हणून कपाट ८६ सेंटिमीटरच्या वर नेता येत नव्हते. त्या उंचीत बसणारी यंत्रणा स्वतः करणे हाच मला सरळ मार्ग वाटला. हे काम पूर्ण झाल्यापासून अनेकांनी त्याबद्दल विचारले आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘मोटर कोणती घेतली?’ हाच होता. माझे मत असे आहे की मोटर हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. वजन उचलणे अवघड नसते. ते सरळ रेषेत नेणे अवघड असते, आणि ते योग्य जागी, योग्य वेळी, कोणालाही इजा न होता थांबवणे हे सर्वांत महत्त्वाचे असते. म्हणून या लेखात मोटरीला थोडी जागा देऊन मी उरलेल्या दोन गोष्टींवर अधिक थांबणार आहे.

आधी हिशेब मांडतो. ४३ इंची टीव्हीचा १६:९ प्रमाणाचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच असतो. कडा धरून आमचा संच ९६ बाय ५६ सेंटिमीटर भरतो. पाय काढल्यावर त्याचे वजन ८ किलोच्या आसपास आहे, आणि त्यामागची लोखंडी पाटी, सरकणारी चौकट व केबल धरून हलणारे एकूण वजन १८ किलोपर्यंत जाते. १८ किलो तोलून धरायला सुमारे १७६ न्यूटन बल लागते. ते ६० सेंटिमीटर उचलण्यासाठी १०६ ज्यूल ऊर्जा खर्च होते आणि हे काम अर्ध्या मिनिटात करायचे म्हटले तर प्रत्यक्ष शक्ती लागते जेमतेम साडेतीन वॅट. आट्यांच्या स्क्रूची कार्यक्षमता ३० टक्के धरली तरी मोटरीकडून १२ वॅटपेक्षा जास्त मागावे लागत नाही. हा आकडा आधी काढला की मोठी मोटर घेण्याचा मोह आपोआप गळून पडतो, आणि तो गळून पडणे आवश्यक आहे, कारण गरजेपेक्षा ताकदवान मोटर अडकलेल्या वस्तूवरही गरजेपेक्षा जास्त जोर लावते.

उचलण्याचे मार्ग तीन-चार आहेत. कप्पीवरून दोर नेऊन पलीकडे समतोल वजन टांगणे हा इमारतींच्या लिफ्टचा मार्ग आहे. तिथे समतोल वजन पाळण्याचे, म्हणजे माणसे उभी राहतात त्या डब्याचे, पूर्ण वजन आणि भाराचा सुमारे निम्मा हिस्सा मिळून ठरवलेले असते, त्यामुळे मोटरीला फक्त फरक उचलावा लागतो. घरातल्या अरुंद कपाटात मात्र पंधरा किलोच्या लोखंडी पाट्या खाली-वर होण्यासाठी वेगळी जागा आणि वेगळे मार्गदर्शक द्यावे लागतात, म्हणून तो विचार मी सोडला. मोटारीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर जुन्या बाजारात सहज मिळते, वर्म गिअरमुळे तिला ताकद भरपूर असते आणि पुण्यात गणपतीच्या हलत्या देखाव्यांवर काम केलेल्या कोणाही कारागिराला ती हाताळता येते. ती वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा बऱ्याच मोटरींत ऋण टोक त्यांच्या धातूच्या अंगालाच जोडलेले असते, त्यामुळे दिशा बदलण्यासाठी तारा उलटल्या की मोटरीचे अंग आणि त्याला टेकलेली सगळी चौकट धन टोकाला जोडली जाते. म्हणून ती मोटर रबरी वॉशर आणि नायलॉनच्या बुशने चौकटीपासून वेगळी ठेवावी लागते.

थ्रीडी प्रिंटरसाठी मिळणारा ८ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू आणि पितळी नट हा तिसरा मार्ग. तो तपकीर गल्लीतही मिळतो आणि स्वस्तही असतो, पण घेताना एका फेऱ्यात नट किती सरकतो हे विचारल्याशिवाय घेऊ नये. सर्वत्र दिसणाऱ्या स्क्रूत नट एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे आट्यांचा कोन सुमारे २० अंश येतो. तेल लावलेल्या पितळ-पोलादाचा घर्षणकोन, म्हणजे ज्या उतारापर्यंत घर्षण वस्तू अडवून धरते तो कोन, ६ ते साडेआठ अंशांच्या घरात असतो. आट्यांचा कोन घर्षणकोनापेक्षा मोठा असला की वरचे वजन स्क्रूलाच उलटा फिरवते आणि वीज गेली की टीव्ही आपोआप खाली येऊ लागतो. एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकणारा स्क्रू घेतला तर कोन ५ अंशांच्या आसपास राहतो आणि वजन जागच्या जागी अडून राहते, पण मग हवा तो वेग मिळवण्यासाठी तो मिनिटाला ६०० फेरे फिरवावा लागतो आणि आवाज वाढतो. नटात गोळ्या फिरणाऱ्या बॉल स्क्रूचे घर्षण तर इतके कमी असते की ब्रेकशिवाय तो उभ्या कामाला वापरूच नये.

या सगळ्याचा विचार करून मी १२ व्होल्टचा तयार लिनिअर ॲक्च्युएटर, म्हणजे मोटरीने दांडा सरळ रेषेत आत-बाहेर सरकवणारे उपकरण, घेतला: ६०० मिलिमीटर चाल (दांडा सरकतो ते अंतर), ५०० न्यूटन बल आणि सेकंदाला साधारण २० मिलिमीटर वेग. ५०० न्यूटन म्हणजे ५१ किलोचा भार, आपल्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट. हे अंतर पुरेसे आहे आणि यापेक्षा जास्त नको. ॲक्च्युएटर घेताना दोन गोष्टी पत्रकावर तपासाव्यात. एक, मिटलेल्या अवस्थेतली लांबी. ती चालीपेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटरने जास्त असते, म्हणजे ६० सेंटिमीटर चालीचा ॲक्च्युएटर मिटल्यावरही ७० ते ७५ सेंटिमीटर जागा मागतो आणि कपाटाची किमान उंची टीव्हीपेक्षा तोच ठरवतो. दुसरी, सलग किती वेळ चालवायचा याची मर्यादा. घरगुती वापराचे बहुतेक ॲक्च्युएटर २ मिनिटे चालवून १८ मिनिटे विश्रांती द्यावी अशा बेताने बनवलेले असतात. टीव्हीला ही मर्यादा पुरते, पण पाहुण्यांना दाखवण्यासाठी कोणी तो सतत वर-खाली करू लागला तर मोटर तापते.

आता सरळ नेण्याविषयी. जुन्या टेबलाचा रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरका होतो आणि मध्येच अडकतो. टीव्हीच्या चौकटीचेही नेमके तेच होऊ शकते, आणि त्यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. ढकलणारे बल मार्गदर्शक पट्टीपासून जितके दूर लागेल, तितकी चौकट तिरकी होऊ पाहते आणि तिचे दोन आधार पट्टीवर दाबले जातात. त्या दाबातून घर्षण निर्माण होते आणि दाब बलाच्याच प्रमाणात वाढत असल्याने घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि दाब यांचे गुणोत्तर, पाव धरला, तर बलाचे पट्टीपासूनचे अंतर दोन आधारांमधल्या अंतराच्या दुप्पट झाले की घर्षण बलाइतकेच होते. त्यानंतर मोटर कितीही मोठी लावा, चौकट हलत नाही, उलट अधिक घट्ट आवळली जाते. याला उत्तरे तीनच आहेत: बल मध्यावर लावणे, आधारांमधले अंतर वाढवणे आणि घसरण्याऐवजी गोळ्यांवर चालणारे मार्गदर्शक वापरणे.

मी तिन्ही वापरली. मार्गदर्शक म्हणून २४ इंची टेलिस्कोपिक चॅनेल निवडले, तेच जे किचनच्या ट्रॉलीला लावतात, फक्त जाड पत्र्याचे. कडक केलेले गोल शाफ्ट आणि त्यांवर चालणारी लिनिअर बेअरिंग हा पर्याय अचूकतेत सरस आहे, परंतु शाफ्ट कपाटाच्या बाहेर येत नाहीत, त्यामुळे टीव्ही पूर्ण वर असताना सगळा भार चौकटीच्या खालच्या टोकाशी असलेल्या दोन बेअरिंगांवर येतो आणि त्यांच्यामध्ये पुरेसे अंतर ठेवायला बुटक्या कपाटात उंची उरत नाही. चॅनेल मात्र मिटल्यावर ६० सेंटिमीटर असतो आणि उघडल्यावर टीव्हीबरोबर स्वतःही वर जातो. पत्रकावर त्याची जी भारक्षमता छापलेली असते ती आडव्या ड्रॉवरसाठी असते, त्यामुळे उभ्या वापराला ती जशीच्या तशी लावू नये, असे मला सुरुवातीलाच सांगण्यात आले आणि ते बरोबर आहे. पण आमच्या रचनेत वजन चॅनेलवर नाहीच. ते पूर्णपणे ॲक्च्युएटर पेलतो. चॅनेलवर येतो तो फक्त टीव्ही पुढे असल्यामुळे चौकट पुढे कलण्याचा जोर. गुरुत्वमध्य चॅनेलच्या पुढे १० सेंटिमीटर आहे आणि उघडलेल्या अवस्थेत चॅनेलचा एकमेकांत राहिलेला भाग २५ सेंटिमीटरच्या आसपास आहे असे धरले, तर प्रत्येक टोकाला एकूण ७० न्यूटन, म्हणजे एका चॅनेलवर साडेतीन किलोइतका दाब येतो. जाड चॅनेलसाठी हे काहीच नाही. उभ्या वापरात गोळ्यांची जाळी हळूहळू खाली सरकत जाते, ही दुसरी अडचण. ती अर्धवट चालीच्या यंत्रांत त्रास देते. आमचा टीव्ही प्रत्येक वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण जातो, त्यामुळे जाळी दर फेरीत अडथळ्याला टेकून पुन्हा जागेवर येते.

खरी कसोटी लागते ती दोन चॅनेल समांतर बसवताना. भोसरीच्या एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपमधून मी ५ मिलिमीटर जाडीच्या पाट्या लेझरने कापून घेतल्या, तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी माझे रेखाचित्र शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “सर, फूटपट्टीनं माप घेऊन दोन्ही चॅनेल एकदम आवळू नका. एक ओळंब्यानं उभा करा आणि पक्का करा. दुसरा सैल ठेवा. गाडी, म्हणजे ही सरकती चौकट, खाली नेऊन खालचा बोल्ट आवळा, वर नेऊन वरचा आवळा. त्याची जागा त्यालाच ठरवू द्या.” या एका सूचनेने माझे काम निम्मे झाले. दुसऱ्या चॅनेलच्या पाटीत गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवल्या होत्या, त्यामुळे तो दोन्ही टोकांना आपोआप समांतर झाला. हाताने ढकलून चौकट वरपासून खालपर्यंत सारख्याच जोराने सरकते की नाही, हे ॲक्च्युएटर जोडण्याआधी पाहावे. एकदा मोटर लागली की ती सगळे दोष झाकून टाकते आणि काही महिन्यांनी ते आवाजाच्या रूपाने बाहेर येतात.

सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, २ मिलिमीटर जाडीचा. तो जमिनीवर उभा आहे आणि मागे खिडकीखालच्या भिंतीला फास्टनरने धरलेला आहे, पण भिंतीवर वजन नाही. ती फक्त सांगाडा पुढे झुकू देत नाही. लाकडी कपाट या सांगाड्याभोवती वेगळे बसवले आहे आणि त्याच्यावर यंत्रणेचा कोणताही भार नाही, हा निर्णय मला या कामातला सर्वांत चांगला वाटतो. प्लाय हवामानाप्रमाणे थोडाफार हलतो, विशेषतः खिडकीलगत पावसाळ्यात, आणि चॅनेल थेट प्लायला स्क्रूने लावले असते तर त्यांचे समांतर राहणे प्लायच्या मर्जीवर गेले असते. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय घेताना मी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेतला, कारण मागे खिडकी आहे आणि वळवाचा पाऊस तिरका येतो. लोखंडाला आधी रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. टीव्हीच्या पाठीवरची भोके २०० बाय २०० मिलिमीटरच्या व्हेसा मापाची (टीव्ही टांगण्याच्या भोकांचे ठरलेले माप) आहेत आणि त्यांत ६ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. बोल्टची लांबी आधी भोकाची खोली मोजूनच ठरवावी, कारण लांब बोल्ट आत पॅनेलपर्यंत पोहोचू शकतो.

झाकणाचा प्रश्न मात्र बराच वेळ घोळत राहिला. बहुतेक तयार लिफ्टमध्ये झाकण टीव्हीच्या डोक्यावरच बसवलेले असते आणि त्याच्याबरोबर वर-खाली होते. दिसायला ते नेटके असते, पण खाली येताना मोटर ते झाकण कपाटाच्या कडेवर दाबते आणि त्या फटीत कोणाची बोटे असतील तर यंत्राला ते कळत नाही. आमच्याकडे भाची नेहमी येते, ती चार वर्षांची आहे आणि हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला तिला हात लावायचा असतो. म्हणून मी झाकण वेगळे ठेवले. १८ सेंटिमीटर रुंदीची, १२ मिलिमीटर प्लायची ती पट्टी मागच्या बाजूने पियानो बिजागरीवर, म्हणजे सलग लांब बिजागरीवर, आहे. चौकटीच्या वरच्या टोकाला असलेले नायलॉनचे चाक तिला आतून उचलते आणि पुढे ती चौकटीच्या पाठीला टेकून उभी राहते. तिला ९० अंशांपर्यंत जाऊ न देणारा अडथळा आहे, त्यामुळे टीव्ही खाली गेला की ती स्वतःच्या वजनाने मिटते. मोटर हे झाकण वर ढकलू शकते, पण खाली ओढू शकत नाही. बोट मध्ये आलेच तर त्यावर दीड किलोच्या पट्टीपेक्षा जास्त काही येत नाही.

हाच विचार मी पुढे खुद्द टीव्हीलाही लावला. टीव्ही वर असताना खालच्या पोकळीत रिमोट, खेळणे, उशी असे काहीही पडू शकते. ॲक्च्युएटरचा दांडा चौकटीला घट्ट पिनेने जोडला असता, तर खाली येताना त्याने ती वस्तू ५०० न्यूटनच्या जोराने दाबली असती. म्हणून चौकटीच्या बाजूला गोल भोकाऐवजी १५ मिलिमीटर लांब उभी खाच ठेवली. चौकट आपल्या वजनाने पिनेवर बसलेली असते. खाली येताना काही अडथळा आला तर चौकट तिथेच थांबते, दांडा एकटाच खाली जाऊ लागतो, पिन खाचेत मोकळी होते आणि त्या जागी लावलेला मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारा छोटा स्विच) खाली नेणारा प्रवाह तोडतो. ढोलावर दोर गुंडाळणाऱ्या लिफ्टमध्ये दोर सैल पडला की मोटर बंद करणारा स्विच असतो, त्याचेच हे घरगुती रूप आहे. १८५४ मध्ये एलिशा ओटिस यांनी न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पाळण्यावर उभे राहून वरचा दोर कापायला लावला आणि पाळणा जागीच अडकून राहिल्याचे लोकांना दाखवले. त्याआधीही लिफ्ट होत्याच, त्या वजन उचलतही होत्या. माणसे त्यांत निर्धास्तपणे चढू लागली ती मात्र दोर तुटल्यावरही पाळणा थांबतो अशी खात्री पटल्यानंतर. आमच्या यंत्रातला हा दहा-पंधरा रुपयांचा स्विच मला म्हणूनच सगळ्या महागड्या भागांपेक्षा मोलाचा वाटतो.

थांबवण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे. ॲक्च्युएटरच्या आत दोन्ही टोकांचे लिमिट स्विच, म्हणजे चाल संपली की मोटर बंद करणारे स्विच, असतात. त्यांच्याशिवाय मी बाहेर, चालीच्या थोडे अलीकडे, आणखी दोन लावले आहेत. हे स्विच आणि सैल पिनेचा स्विच मोटरीच्या तारेतच मालिकेत आहेत आणि प्रत्येकाला समांतर १एन५४०८ हा ३ अँपिअरचा, एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा डायोड आहे. स्विच उघडला की त्या दिशेचा प्रवाह तुटतो, मात्र डायोडमुळे उलट दिशेचा प्रवाह वाहू शकतो आणि चौकट अडथळ्यापासून दूर नेता येते. यंत्र चालवणारा आर्डुइनो (प्रोग्राम घालता येणारा छोटा नियंत्रक बोर्ड) बिघडला, प्रोग्राम अडकला किंवा कोणी चुकीचे बटण दाबले तरी या तारांना त्याने फरक पडत नाही. आर्डुइनोकडे त्यापलीकडची कामे दिली आहेत: सुरुवात आणि शेवट हळुवार करणे, बटण आणि रिमोट वाचणे, सैल पिनेचा स्विच उघडल्यास लगेच काही सेंटिमीटर वर जाणे, आणि वर जाताना प्रवाह नेहमीपेक्षा वाढल्यास थांबणे. नेहमीचा प्रवाह २ अँपिअरच्या आसपास असतो. कोणी झाकणावर फुलदाणी ठेवलेली असेल तर तो वाढतो आणि फुलदाणी पडण्याआधी यंत्र थांबते. मोटरीला ताकद पुरवायला बीटीएस ७९६० ड्रायव्हर आहे आणि त्याची स्पंदने सेकंदाला २० हजार ठेवली आहेत, कारण त्याखालच्या वारंवारितेला मोटर बारीक शिटीसारखी वाजते आणि तो आवाज रात्री शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

टीव्ही चालू केल्यावर आपोआप वर यावा, अशी सोय टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून करता येते. टीव्ही चालू असतानाच तिथे ५ व्होल्ट येत असतील तर तोच इशारा पुरतो. मात्र काही संचांत टीव्ही बंद असतानाही हे ५ व्होल्ट राहतात, त्यामुळे आधी मल्टिमीटरने पाहून घ्यावे. मी ही सोय जोडली आणि आईला विचारून पुन्हा काढली. तिला कपाटाच्या बाजूला एक मोठे बटण हवे होते, दाबले की वर, पुन्हा दाबले की खाली, आणि मध्येच दाबले की थांबेल असे. आम्ही तेच ठेवले आहे. बटण अशा जागी आहे की ते दाबताना कपाटाचा वरचा भाग पूर्ण दिसतो. दुसऱ्या खोलीतून फोनवरून टीव्ही वर-खाली करण्याची सोय मी मुद्दाम दिलेली नाही, कारण जे यंत्र डोळ्यांसमोर नाही ते चालवू नये.

तारांची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती दुर्लक्षण्यासारखी नाही. वर-खाली होणाऱ्या भागात वीज नेणारी केबल बारीक तारांच्या लवचिक गाभ्याची, तीन पदरी हवी. घराच्या वायरिंगची जाड तार वारंवार वाकून आतून तुटते. सगळ्या केबल प्लॅस्टिकच्या केबल चेनमधून नेल्या की त्यांचे वळण ठरावीक राहते आणि एचडीएमआयची केबल मोडत नाही. अशा साखळ्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, उतरवलेल्या यंत्रांच्या ढिगात मिळतात. सांगाड्याला अर्थिंग हवेच. टीव्हीचा प्लग दोन पिनांचा असला तरी केबल कुठे घासली गेली तर हातभर लांबीचे ते सगळे लोखंड जिवंत होऊ शकते, म्हणून सांगाडा आणि सरकणारी चौकट दोन्ही वेगळ्या हिरव्या तारेने अर्थला जोडल्या आहेत. चौकटीची तार साखळीतूनच जाते, कारण चॅनेलमधल्या ग्रीस लावलेल्या गोळ्यांवर अर्थिंगसाठी विसंबता येत नाही. वीज गेली तर टीव्ही जिथे असेल तिथेच राहतो. खाली घेता यावा म्हणून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची, यूपीएसला लागते तशी बॅटरी जोडली आहे. एका फेरीला २ अँपिअर अर्धा मिनिट, एवढाच तिच्यावर भार येतो.

आवाजाचे मूळ मोटरीत कमी आणि तिला टेकलेल्या लाकडात जास्त असते. ॲक्च्युएटरच्या दोन्ही टोकांना रबरी बुश, सांगाड्याखाली रबराचे पॅड आणि कपाट व सांगाडा यांच्यामध्ये कुठेही थेट स्पर्श नाही, एवढे केल्यावर खोलीत बोलणे न थांबवता टीव्ही वर येतो. चॅनेलला ग्रीस अगदी पातळ लावावे. या रस्त्यावर बांधकामांची धूळ बाराही महिने असते आणि जाड ग्रीसवर ती बसून त्याचा घट्ट लगदा तयार होतो. दर महिन्याला मी घडी केलेला टॉवेल पोकळीत टाकून टीव्ही खाली सोडतो आणि तो टॉवेलवर टेकताच थांबून वर जातो की नाही, हे पाहतो. ही तपासणी मी चुकवत नाही. दिवसा खिडकीचा उजेड पडद्यामागून डोळ्यांवर येतो, त्यासाठी खिडकीला जाड कापडाचा पडदा लावला आहे.

५५ इंची टीव्हीसाठी हीच रचना चालेल का, असे काहींनी विचारले. जशीच्या तशी चालणार नाही. ५५ इंची पडदा साडेअडुसष्ट सेंटिमीटर उंच असतो, कडा धरून सत्तरीच्या पुढे जातो आणि चालही तितकीच लागते. तेव्हा २४ इंची चॅनेल अपुरा पडतो आणि ॲक्च्युएटर मिटल्यावरही ८५ सेंटिमीटरच्या आसपास राहतो. कपाट मीटरभर उंच करता येत असेल तर लांब चालीचे जड चॅनेल घेऊन बाकी सर्व मांडणी तशीच ठेवावी आणि वजन पुन्हा मोजून बलाचा हिशेब नव्याने करावा. कट्टा आमच्यासारखा ९० सेंटिमीटरवर असेल, तर टीव्ही ४३ इंचीच घ्यावा.